वेस्टर्न शर्टाला टिचबटणं का असतात? खरे काउबॉय असे शर्ट घालायचे का?

‘अर्बन काउबॉय’ हा चित्रपट पाहून तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: त्या शर्टांना साध्या बटणांऐवजी टिचबटणं का, आणि खरे काउबॉय असले शर्ट घालत होते का. शिवाय स्वतःसाठी एक घ्यायचा आहे, तर काय बघून घ्यावा, असंही शेवटी लिहिलं आहे. मी बरीच वर्षं मुंबईत निर्यातीच्या कपड्यांच्या कारखान्यात, सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे नमुन्याचे कपडे करण्याच्या विभागात, काम केलं. असे शर्ट आमच्या टेबलावर नेहमी यायचे. त्यामुळे सांगतो. आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

नाही, घालत नव्हते. टेक्सासमधून गुरांचे कळप शेकडो मैल हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे, तो काळ १८६० च्या दशकाच्या शेवटापासून जेमतेम वीस वर्षांचा. त्या वेळच्या गुराख्याच्या अंगात जाड सुती किंवा लोकरी सदरा असायचा. तो डोक्यातून घालायचा, बटणं छातीच्या मध्यापर्यंतच, आणि बहुतेक वेळा खिसाच नसायचा. म्हणून तर तो वरून बिनबाह्यांचं जाकीट घालायचा. तंबाखू, काड्या, घड्याळ सगळं जाकिटाच्या खिशात. टोकदार योक (खांद्यावर जोडलेला कापडाचा वेगळा तुकडा) नाही, चकाकणारी बटणं नाहीत.

तुम्ही पडद्यावर पाहिलेला शर्ट तमाशातून आला. (आपल्या तमाशातून नव्हे, करमणुकीच्या धंद्यातून.) बफेलो बिल याने १८८३ मध्ये घोडे, गुरं, गोळीबार यांचा फिरता खेळ सुरू केला. पुढे रोडिओ, म्हणजे उधळलेल्या घोड्यावर नि बैलावर टिकून राहण्याच्या स्पर्धा, आणि त्यामागून सिनेमा. सिनेमातला नट जॉन वेन छातीवर दोन्ही बाजूंनी बटणं लावलेली मोठी झडप असलेला शर्ट घालायचा, तो मुळात आग विझवणाऱ्यांच्या गणवेशातला. १९३० च्या दशकात जीन ऑट्री, रॉय रॉजर्स हे गाणारे काउबॉय आले आणि शर्टावर वेलबुट्टी, पायपिंग (कडेची बारीक गोट), दोन रंगांचे योक चढले. प्रेक्षकात शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही दिसला पाहिजे असा हा पोशाख. त्याचा गुरं राखण्याशी संबंध तेवढ्यास तेवढा.

आणि तो शिवला कोणी? मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत आवडतो. फिलाडेल्फियात ‘रोडिओ बेन’ म्हणून ओळखला जाणारा बर्नार्ड लिख्टेनस्टाइन होता, पोलंडमधून आलेला. रँग्लर या कंपनीने १९४७ मध्ये जी जीन्स बाजारात आणली तिचं डिझाइन त्याचं. कॅलिफोर्नियात नेथन टर्क होता. नूडी कोन तर कीव्हचा. त्याने आधी न्यूयॉर्कमध्ये नाचणाऱ्या बायकांची अंतर्वस्त्रं शिवली आणि मग हॉलीवूडजवळ काउबॉयचे कपडे शिवायचं दुकान थाटलं. गायक एल्विस प्रेस्लीचा १९५७ चा सोनेरी सूट त्याच्याकडचा. हे सगळे युरोपातून आलेले ज्यू शिंपी. अमेरिकेचा सगळ्यात ‘देशी’ पोशाख परदेशातून आलेल्या माणसांनी, शिलाई मशीनवर बसून, गिऱ्हाइकाला काय हवं ते ओळखून बनवला. नूडीच्याच दुकानात पुढे मानुएल क्वेव्हास हा मेक्सिकोचा कारागीर आला आणि गायक ग्रॅम पार्सन्सचा तो अफूची फुलं आणि गांजाची पानं भरतकामात काढलेला सूट त्याने केला.

आता टिचबटणांकडे येऊ. टिचबटण स्वतः काउबॉयच्या शर्टापेक्षा जुनं. जर्मनीत हेरिबर्ट बाउअरने १८८५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ग्रेनोबलला रेमंड यांनी हातमोज्यांसाठी आपला प्रकार काढला. शर्टावर ते पहिल्यांदा कोणी लावलं यावर वाद आहे. काही जण रोडिओ बेनचं नाव घेतात, कारण रोडिओवाल्यांसाठी मापाने शिवलेल्या शर्टांवर तो आधीपासून ती लावत होता म्हणतात. पण कारखान्यात ढिगाने बनवून दुकानादुकानांत पोचवायचं श्रेय जॅक वाइल यांना जातं. हे गृहस्थ इंडियानात जन्मलेले. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात आले ते मोजे वर धरून ठेवणाऱ्या गार्टर पट्ट्या विकायला. १९४६ मध्ये त्यांनी रॉकमाउंट रँच वेअर ही कंपनी काढली. ती अजून डेन्व्हरच्या वाझी स्ट्रीटवर आहे, आणि दुकानात जुन्या शर्टांचं छोटं संग्रहालयही आहे. वाइल १०७ वर्षं जगले, २००८ मध्ये गेले, आणि शंभरी उलटल्यावरही रोज कचेरीत यायचे. साठाव्या वर्षी सिगारेट सोडली, नव्वदाव्या वर्षी दारू आणि शंभराव्या वर्षी लाल मांस, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

वाइल यांचं म्हणणं असं की रानात काम करणाऱ्याचं बटण तुटलं तर तो सुईदोरा घेऊन बसत नाही. आणि दुसरं, शर्ट खोगिराच्या खुंटीत, काटेरी झुडपात किंवा बैलाच्या शिंगात अडकला तर टिचबटण पटकन सुटतं आणि माणूस ओढला जात नाही.

दुसरा मुद्दा टेबलावर तपासून बघता येतो. साधं बटण काजात अडकलेलं असतं. जोराची ओढ बसली तरी ते काज सोडत नाही, मग दोरा तुटतो नाहीतर कापड फाटतं. टिचबटणात चार तुकडे असतात. वर दिसणारी टोपी, तिच्यामागची वाटी, समोरच्या पट्टीवरची खुंटी आणि तिच्यामागची दातेरी कडी. टोपीचे दाते कापडातून आरपार जाऊन वाटीत मुडपतात, म्हणून काजही लागत नाही आणि दोराही नाही. वाटीची आतली कड किंचित लवचीक असते, खुंटीचं डोकं तिच्यातून ‘टिच’ करून आत जातं आणि ओढलं की तसंच बाहेर येतं. म्हणजे सुटण्याची जागा आधीच ठरलेली. ओढ कापडापर्यंत पोचायच्या आत बटण मोकळं होतं.

पहिला मुद्दा मला अर्धा पटतो. बटण तुटलं तर निदान कोणीतरी घरात शिवून देतं. टिचबटण निखळलं की कापडाला भोक पडतं, आणि नवं बसवायला योग्य मापाची डाय, म्हणजे दाबून बसवायचा साचा, लागते. ती सुईदोऱ्याइतकी सहज मिळत नाही. माझं मत विचाराल तर ही बटणं टिकली ती दिसण्यामुळे. शिंपल्यासारखी चमक, चौकोनी हिऱ्याचा आकार, कफावर ओळीने तीन-तीन. रोडिओच्या मैदानात उन्हात ती लांबून लखलखतात. उपयोगाची गोष्ट विकताना सांगायला बरी पडते.

आता गंमत पाहा. शिंप्यांनी आणि सिनेमाने बनवलेला हा शर्ट दहा-पंधरा वर्षांत खऱ्या रँचवरच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतांवरच्या, माणसांनी उचलला. दुकानात तोच मिळत होता, टिकत होता, आणि पडद्यावरचे लोक तोच घालत होते. १९६० पर्यंत वायोमिंग, टेक्सासमधल्या मजुराच्या खुंटीला तो लटकलेला असणार हे धरून चाला. नकली म्हणून जन्मलेली वस्तू खरी झाली होती. चांगल्या सिनेमावाल्यांनी नेमकं हेच पकडलं. त्यांच्याकडे हा शर्ट बघून विचारायचं असतं, की हा माणूस काउबॉय आहे, की त्याला व्हायचं आहे?

‘मिडनाइट काउबॉय’ (१९६९) मधला ‘जो बक’ नावाचा तरुण टेक्सासमध्ये हॉटेलात भांडी घासतो. नवेकोरे काउबॉयचे कपडे अंगावर चढवून तो न्यूयॉर्कला नशीब काढायला जातो. गाय त्याने राखलेली नाही. शेवटी फ्लोरिडात तो ते सगळे कपडे कचऱ्याच्या पिंपात टाकून देतो. वेशभूषा ॲन रॉथ यांची. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) मधला ट्रॅव्हिसही बघा. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर रात्रभर टॅक्सी चालवणारा माणूस, अंगात चौकड्यांचा वेस्टर्न शर्ट, पायात काउबॉय बूट. त्याच्या डोक्यात कुठलं चित्र चालू आहे हे संवाद न बोलता कळतं.

तुम्ही पाहिलेला ‘अर्बन काउबॉय’ (१९८०) त्याच रांगेतला. जॉन ट्रॅव्होल्टाचा बड दिवसा ह्यूस्टनजवळच्या तेलशुद्धी कारखान्यात राबतो आणि रात्री पासाडेना गावातल्या गिलीज या नाचघरात विजेवर चालणाऱ्या बैलावर बसतो. हे नाचघर खरोखरचं होतं, एका मासिकातल्या लेखावरून सिनेमा निघाला. चित्रपट खऱ्याखोट्याबद्दल बोलत होता, पण प्रेक्षकांनी उचलले ते कपडे. काही वर्षं अमेरिकेतल्या शहरांत ज्याने घोडा हात लावून पाहिलेला नाही तो हॅट आणि टिचबटणांचा शर्ट घालून हिंडत होता. मग लाट ओसरली आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांत हे शर्ट स्वस्तात येऊन पडले. तिथून ते रॉक बँडवाल्या पोरांनी उचलले. अलीकडे २०२४ मध्ये गायिका बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ हा अल्बम आल्यावर पुन्हा एक लाट आली.

‘ब्रोकबॅक माउंटन’ (२००५) मात्र वेगळा. गोष्ट १९६३ मध्ये सुरू होते, माणसं खरीच मेंढ्या राखणारी आहेत, आणि शर्ट त्यांच्या अंगावर कामाचे कपडे म्हणून आहेत. जॅकचा डेनिमचा, एनिसचा चौकड्यांचा. एकाच हँगरवर एकात एक घातलेले ते दोन शर्ट म्हणजे त्या चित्रपटाचं काळीज. आणखी लिहिलं तर न पाहिलेल्यांची मजा जाईल. २००६ मध्ये ते दोन्ही शर्ट धर्मादाय कामासाठी ईबेवर लिलावात निघाले आणि एक लाख डॉलरहून थोड्या जास्त किमतीला गेले. घेणाऱ्याने ते नंतर लॉस एंजेलिसच्या ऑट्री संग्रहालयाला दाखवायला दिले. तेच, गाणाऱ्या काउबॉयने, जीन ऑट्रीने, काढलेलं.

आता तुमची खरेदी. मुंबईत असाल तर फॅशन स्ट्रीटवर निर्यातीच्या उरलेल्या मालात हे शर्ट कधीकधी मिळतात. कॉलरकडे नंतर बघा, आधी समोरची पट्टी उलटी करून बघा. आत बक्रम (कडक अस्तर) किंवा दुसरा थर नसेल आणि कापड पातळ असेल, तर टिचबटणाचे दाते काही महिन्यांत कापड कापून बाहेर येतील. दुकानातच चार-पाच बटणं उघडून लावून बघा. एखादं फार घट्ट असेल तर तेच आधी निखळणार. उघडताना दोन्ही बाजू धरून खसकन ओढू नका, सिनेमात छान दिसतं तरी. बटणाच्या अगदी कडेला बोट घालून सोडवा.

शिंपल्यासारखी दिसणारी टोपी आता प्लॅस्टिकची असते. गरम इस्त्री थेट फिरवलीत तर तिची चमक जाते, म्हणून पट्टीला उलट्या बाजूने इस्त्री करा. खिसा हसऱ्या ओठांसारखा वळलेला असेल तर त्याच्या दोन टोकांवरचे बाणाचे टाके तपासा. ते नुसते शोभेचे नाहीत, खिशाची तोंडं तिथेच उसवतात.

चौकड्यांचा घेणार असाल तर योक आणि खिशांवरची चौकडी तिरकी कापलेली आहे का ते पाहा. जुनी पद्धत तीच. दिसते झोकदार, आणि शिंप्याची चौकडी जुळवत बसण्याची कटकट वाचते. ती सरळ असूनही अंगाच्या चौकडीशी रेघ न रेघ जुळलेली असेल, तर कटिंग मास्तरने मन लावून काम केलं आहे, चार पैसे जास्त द्या.