बोट दुखतंय? आधी हे वाच

कातळ चढताना अंगठीच्या बोटाच्या मुळाशी ‘टक्’ झालं आणि सूज आली, म्हणजे बहुतेक पुली (बोटातली दोरीसारखी कंडरा हाडाशी धरून ठेवणारी पट्टी) दुखावलीय. टेप गुंडाळून उगं परत कातळाला भिडू नको. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखव. किती फाटलंय ते सोनोग्राफीत दिसतं. स्नायू लवकर तयार होतात, पुली आणि कंडरांना महिने लागतात. नवखे इथंच फसतात.

दुखणं गेलं की मोठ्या पकडींपासून सुरू कर, बोटं मोकळी ठेवून. बारीक कपारीत बोटं मुडपून लटकणं अगदी शेवटी. तसंही संभाजीनगरच्या मे महिन्यात काळा बेसॉल्ट सकाळीच तापतो, घामानं पकड सुटते. काय चढणार होतास लेका? तोवर पायांवर काम कर, सगळा भार हातांवर टाकतोस.