पंखा बंद होता

"मॅडम, तो खोटं बोलतोय की त्याला खरंच तसं वाटतंय, एवढंच सांगा मला."

खुर्चीत नीट बसायच्याही आधी ताईंनी हे विचारलं. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, कधी नवऱ्याबद्दल, कधी सासूबद्दल, कधी वयात आलेल्या मुलाबद्दल. एकच खोटं पुन्हा पुन्हा सांगून माणसाला शेवटी तेच खरं वाटायला लागतं का? लागतं. कसं, ते समजायला ताईंची गोष्ट सांगते. बहीणभाऊ दोघांनीही लिहायची परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ताई पंचवटीत राहतात, वडिलांच्याच जुन्या घरात. धाकटा भाऊ चाकणला नोकरीला. तीन वर्षांपूर्वी वडील घरीच गेले, पहाटे चारच्या सुमाराला. जवळ एकट्या ताई होत्या. भावाला त्यांनी दोन दिवस आधीच कळवलं होतं, "ये रे, लक्षण ठीक दिसत नाही." तो म्हणाला, "रविवारी येतो." शुक्रवारी रात्री पुन्हा फोन गेला तेव्हा निघाला, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवले. कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. अशा वेळी घाटावर काय काय बोललं जातं ते नाशिककरांना सांगायला नको. कशात जीव अडकलाय, कुणाची वाट बघत होते. तेवढ्यात चुलत्यांनी भावाला विचारलं, "शेवटी जवळ कोण होतं रे?"

तो म्हणाला, "आम्ही दोघं होतो."

ताई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि गप्प बसल्या. "चारचौघांत त्याची लाज जायला नको म्हणून," त्या मला म्हणाल्या. "त्याचं तोंड बघवत नव्हतं हो."

ते एक वाक्य मग वाढत गेलं. वर्षश्राद्धाला तो म्हणाला, मी चमच्यानं पाणी पाजलं. पुढे म्हणाला, छताचा पंखा कटकट वाजत होता, तो आवाज अजून कानात आहे. आणि नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला, भर पंगतीत, "बाबांनी माझा हात धरला. म्हणाले, ताईला सांभाळ." ताई वाढत होत्या. त्यांच्याकडे बघत, डोळ्यांत पाणी आणून तो हे म्हणाला. त्यांनी हातातलं भांडं तिथंच ठेवलं आणि नाशिकची गाडी पकडली. त्यानंतर सहा महिने अबोला.

"पंखा खरंच वाजत होता," त्या म्हणाल्या. "चमचाही खरा. पण ते मी त्याला सांगितलं होतं, तो आल्यावर, रडत रडत. माझी ती रात्रच नेली त्यानं."

आठवण ही कपाटात घडी घालून ठेवलेली साडी नसते. दर वेळी आठवताना मन ती नव्यानं जुळवतं. तपशील टिकतात, पण तो आपण पाहिला, ऐकला की नुसता मनात आणला, ही खूण लवकर पुसली जाते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 24 जणांना लहानपणचे चार प्रसंग वाचायला दिले होते. तीन घरच्यांनी सांगितलेले, खरे. चौथा रचलेला, लहान असताना मॉलमध्ये हरवल्याचा. साधारण चौथ्या हिश्श्याला तो न घडलेला प्रसंगही थोडाफार किंवा पूर्ण 'आठवला'. भावाच्या हाती तर ताईंनी सांगितलेले खरे तपशील होते, आणि ते तो तीन वर्षं सांगत होता.

"पण त्याला यातून मिळालं काय?" ताईंनी विचारलं. ना घराचा वाद, ना पैशाचा. माझ्या मते खोटं रुजलं ते याचमुळे. लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा 1959 चा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं आणि नंतर बाहेरच्या माणसाला 'काम मजेचं आहे' असं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना 20 डॉलर दिले, काहींना फक्त 1. पुढे त्यांचं खरं मत विचारलं तेव्हा 1 डॉलरवाल्यांना ते काम जास्त आवडलेलं निघालं. 20 डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं. 1 डॉलरवाल्यांकडे तेवढं कारण नव्हतं, म्हणून मनानं मतच बदलून घेतलं. भावाच्या मनात 'रविवारी येतो' हे वाक्य सलत होतं, आणि 'आम्ही दोघं होतो' म्हटलं की ते सलणं थांबत होतं.

जाणूनबुजून खोटं बोलणारा, समजा कर्ज लपवणारा नवरा, असा नसतो. तो समोर कोण आहे ते बघून बोलतो, कागद दडवतो, विषय बदलतो. ज्याला सगळं ठाऊक आहे तिच्याच डोळ्यांत बघून जो न अडखळता सांगतो, त्याच्याबाबतीत मी थांबून विचार करते. अर्थात बाहेरून छातीठोक सांगता येत नाही. आणि एखादं म्हातारं माणूस किंवा खूप दारू पिणारं कुणी अचानक न घडलेलं सांगू लागलं, तर आधी डॉक्टर गाठा. तो मेंदूचा आजार असू शकतो.

ताईंना मी सांगितलं, त्याला तसं वाटत असेल म्हणून तुमचं दुखणं खोटं होत नाही. ती रात्र तुमच्या हातानं लिहून काढा, स्वतःसाठी. पुरावा म्हणून त्याच्यापुढे नाचवू नका. कोंडीत धरलेला माणूस आपल्या गोष्टीला आणखीच घट्ट धरतो.

दीड महिन्यानं भाऊ आला. मी शेवटच्या क्षणाबद्दल काही विचारलं नाही. म्हटलं, त्या रात्री फोन आला तिथपासून सांगा.

"सेकंड शिफ्ट करून नुकता आलो होतो. गाडी काढली. नारायणगावला पाऊस लागला. संगमनेरला पेट्रोल भरत होतो, तेव्हा ताईचा फोन..."

तो थांबला. मी मध्ये बोलले नाही. बराच वेळ गेला.

"मी पोचलो तेव्हा पंखा बंद होता," तो म्हणाला. "उशाशी दिवा लावलेला. विझू नये म्हणून बंद केला होता."

मग तो हुंदके देत रडला. जाताना मात्र दारात वळून म्हणाला, "पण मला ते दिसतं, मॅडम. बाबांचा हात माझ्या हातात. आत्ताही दिसतं." मी म्हटलं, दिसत राहील कदाचित. रुजलेलं चित्र एका दिवसात जात नाही. ते दिसतं म्हणून तुम्ही वाईट माणूस ठरत नाही. ते घडलं होतं असं मात्र आता कुणाला सांगू नका.

त्या रविवारी त्यानं ताईंना फोन केला. म्हणाला, मला सगळं पहिल्यापासून सांग. ताईंनी पुढ्यात वही घेतली होती, पण ती उघडावी लागली नाही. तासभर त्या बोलत होत्या आणि तो ऐकत होता. मध्ये एकदाच त्यानं विचारलं, चमचा कुठला होता.

"आईचा," ताई म्हणाल्या. "चांदीचा, दांडा वाकलेला."