वाचक विचारतात : बेळगावी मीम नेमकं कुणासाठी?

प्रश्न (खानापूर) : बेळगावी विनोदाच्या एका इन्स्टाग्राम पेजला मी मीम्स पाठवतो. पुण्या-मुंबईच्या पेजवर गाजलेलेच साचे वापरतो, पण इथे कुणी हसत नाही. काय चुकतंय?

साचा चालतो, आतला मजकूर चालत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकवरचा विनोद उचलून त्यात ‘बेळगाव’ घातलं की इथल्या वाचकाला लगेच कळतं. लिहिणारा आपल्यातला आहे का, हे तो आधी पाहतो, हसतो मागाहून. टिळकवाडीत ‘दुसऱ्या गेटाला अडकलोय’ एवढं पुरतं. तिथे ‘रेल्वे फाटक’ लिहिलं की तुम्ही परगावचे. शिवजयंतीचंही तसंच. १९ फेब्रुवारीला चित्ररथांच्या मिरवणुकीवर मीम टाकलंत तर फजिती होईल, कारण बेळगावची ती मिरवणूक तिथीप्रमाणे, वैशाखात निघते. स्मार्ट सिटीच्या यादीत शहराचं नाव जानेवारी २०१६ मध्ये आलं. तेव्हापासूनच्या खोदलेल्या रस्त्यांवर मात्र कुणीही, कधीही लिहावं.

पाठवण्याआधी दोन आठवडे नुसतं वाचा. प्रत्येक पोस्टखाली किती बदाम आहेत त्यापेक्षा कोण कुणाला टॅग करतंय ते बघा. हसरा चेहरा शिष्टाचारापोटीही टाकतात. ‘हे तुझंच आहे की’ म्हणत मित्राला ओढून आणलं, तर विनोद लागला. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं, की फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोस्ट जायची तर ती लोकांनी एकमेकांना पाठवणं लाइकपेक्षा जास्त मोलाचं.

प्रतिसाद देणारे म्हणजेच सगळे वाचक, असं मात्र धरू नका. ऑनलाइन समूहांत बहुतेक जण गप्प राहून वाचतात. ते कुठले हे पेज चालवणाऱ्याला विचारा; प्रोफेशनल खात्याच्या इनसाइट्समध्ये शहरं दिसतात. पुणे, बंगळूर वर असतील तर ती नोकरीसाठी बाहेर पडलेली मंडळी असण्याची शक्यता मोठी. त्यांना जुना खडेबाजार आठवतो, कालचा खड्डा ठाऊक नसतो.

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : ‘जाऊलाय’, ‘करूलाय’ असं बेळगावी बोलीत लिहिलं की लोक ‘आमची टिंगल करतोस’ म्हणतात. प्रमाण मराठीत लिहिलं तर मजा जाते.

ती बोली कुणाच्या तोंडी आहे, ते तपासा. बोली बोलणारा दरवेळी बावळट आणि त्याला सुधारणारा पुण्याचा शहाणा, ही मांडणी इथे खपत नाही, आणि खपूही नये. शेवटचा टोला बोलीवाल्याच्या तोंडी द्या; तेच ‘जाऊलाय’ लोक मिरवतील. कन्नड शब्दांपुढे मराठी अर्थ लिहू नका. ‘गोत्तिल्ला’ (माहीत नाही) किंवा ‘साकु’ (पुरे) इथल्या मराठी शाळेत शिकलेल्यालाही कळतं. एका चित्रात असा एखादाच शब्द ठेवा, नाहीतर ओढूनताणून आणल्यासारखं दिसतं.

अक्षरांकडेही लक्ष हवं. काही ॲपमध्ये जोडाक्षरं तुटतात. ‘दुसऱ्या’ आणि ‘विद्यार्थ्यांच्या’ हे दोन शब्द टाइप करून बघा. ते नीट उमटले तर फाँट चालेल. मुक्ता किंवा बालू घ्या. चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचं आणि मजकूर दहा-बारा शब्दांचा असावा. मीम शेवटी व्हॉट्सॲपवरच फिरतं, आणि तिथे चित्र दाबलं गेलं की बारीक अक्षरं पुसट होतात.

प्रश्न (निपाणी) : मी विनोदाच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. १ नोव्हेंबर आला की भांडणं होतात.

होणारच. त्या दिवशी एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिवस. त्यात शहराचं नाव अधिकृतपणे बदलून ‘बेळगावी’ झालं तेही २०१४ च्या १ नोव्हेंबरलाच. आदल्या संध्याकाळी ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग लावा, दोन तारखेला काढा. १७ जानेवारी हा सीमालढ्यातल्या १९५६ च्या गोळीबारातील हुतात्म्यांचा दिवस. त्या दिवशी मीम टाकूच नये. एरवी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, बंदोबस्त, सरकारी कचेऱ्या यांवर दोन्ही भाषांची माणसं सारखीच हसतात. भाषकांवरच घसरलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे. भाषेच्या आधारावर गटांत वैर पसरवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘विनोद होता’ म्हटल्याने आपोआप सुटका होत नाही.

त्याहून घातक प्रकार जुलैतला. पावसामुळे खानापूर भागात शाळांना खरोखर सुट्टी जाहीर होते. अशा वेळी गंमत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचा खोटा आदेश कुणी बनवला, तर दोन ग्रुप ओलांडले की तो खराच ठरतो. स्क्रीनशॉट काढणारा कोपरा कापतो, म्हणून पेजचं नाव कोपऱ्यात घालून उपयोग नाही. ते मजकुराच्या मधोमध हवं. आदेशाची नक्कल तर ॲडमिनने दिसताक्षणी ‘सर्वांसाठी डिलीट’ करावी, बनवणारा कितीही जवळचा असो.

प्रश्न (चिकोडी) : कुंदा या बेळगावी मिठाईवरचा विनोद अजून चालतो का?

नाही. मांडे या पक्वान्नावर करून बघा.