चित्रपट-शंका : जॅफीची गाडी

प्रश्न : हॉवर्ड हॉक्सचा 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' (१९३४) पाहिला. जॉन बॅरीमोर सतत हातवारे करतो, गर्जतो. एवढ्या नावाजलेल्या नटाचा अभिनय इतका भडक कसा?

उत्तर : भडक आहे तो बॅरीमोरने रंगवलेला ऑस्कर जॅफी. हा ब्रॉडवेचा, म्हणजे न्यू यॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा, निर्माता-दिग्दर्शक रंगमंचावरून उतरला तरी त्याचं नाटक सुरूच असतं. कोणाला कामावरून काढायचं तरी 'तुझ्यासाठी लोखंडी दार बंद' अशी घोषणा! पुन्हा पाहाल तेव्हा सुरुवातीच्या तालमीकडे लक्ष द्या. मिल्ड्रेड प्लॉटका या नवख्या मुलीला त्याने लिली गारलंड हे नाव दिलंय. तिने कुठून कुठे जायचं हे दाखवायला तो खडूने रेघा मारतो, आणि तालीम लांबत जाते तशी जमीन रेघांच्या जाळ्याने भरून जाते. तिला किंकाळी काही केल्या जमत नाही, तेव्हा तो चक्क टाचणी टोचतो. पुढे कॅरोल लोम्बार्डची लिली आगगाडीत त्याच्याशी भांडते ती थेट त्याच्याच पद्धतीने, तेच हात, तोच चढा सूर. बॅरीमोर सौम्य राहिला असता तर हा वारसा दिसलाच नसता. माझ्या मते त्याचं पडद्यावरचं सर्वोत्तम विनोदी काम हेच.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत हॉक्सच्या चित्रपटांसारखे एकमेकांवर चढणारे संवाद ठेवले. वेग आला, पण प्रेक्षकांना काही कळेना. काय चुकलं?

उत्तर : बहुधा संहितेतच चुकलं आहे. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) मध्ये हॉक्सने हे तंत्र टोकाला नेलं. वाक्याच्या आरंभी आणि शेवटी बिनमहत्त्वाचे शब्द घालायचे, कामाची गोष्ट मध्ये ठेवायची. म्हणजे दोन्ही टोकं दुसऱ्याच्या आवाजाखाली गेली तरी अर्थ शाबूत राहतो.

मराठीत याची गरज जास्तच, कारण आपलं क्रियापद आणि नकार शेवटी येतो. 'मी सही करणार नाही' यातला 'नाही' गिळला गेला की अर्थ उलटतो. म्हणून शेपूट जोडा : 'हे बघा, मी सही करणार नाही, सांगून ठेवते.' समोरच्याने 'सांगून'वर तोंड उघडायचं, त्याआधी नाही. ती जागा दोघांच्याही प्रतीत उभ्या रेघेने दाखवा. मग आधी संथ गतीत, हातवारे न करता, फक्त त्या जागा पक्क्या करा. वेग वाढवताना शब्द घाईने उरकू नका. दोन वाक्यांमधली शांतता कापा, उच्चार पूर्ण ठेवा. मध्ये शिरणाऱ्याने आवाज चढवला तर पहिला नटही चढवतो, आणि दोन मिनिटांत सगळे किंचाळू लागतात. एका वेळी दोनच आवाज ठेवा. हशा अपेक्षित असेल तिथे पुढची ओळ बिनमहत्त्वाची ठेवा, ती बुडाली तरी चालेल.

प्रश्न : चित्रपटाच्या नावाचा शतकाशी काय संबंध?

उत्तर : नाव गाडीचं आहे. 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' ही न्यू यॉर्क सेंट्रल कंपनीची शिकागो–न्यू यॉर्क गाडी १९०२ ते १९६७ धावली. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचं याच नावाचं नाटक १९३२ मध्ये ब्रॉडवेवर आलं. पटकथाही त्यांचीच.

प्रश्न : गाडीभर 'पश्चात्ताप करा'च्या चिठ्ठ्या चिकटवणारा म्हातारा कशासाठी?

उत्तर : त्याला काढलं तर गाडीतलं कथानक अडेल. जॅफी कफल्लक आहे. या म्हाताऱ्याच्या, म्हणजे क्लार्कच्या, चेकमुळे त्याला लिलीपुढे भव्य धार्मिक नाटकाचं आमिष ठेवता येतं. चेक खोटा निघतो, आमिष संपतं. मग पिस्तुलाची गोळीही क्लार्कच्याच हातून सुटते आणि किरकोळ लागलेला जॅफी मरणाचं सोंग घेऊन लिलीची करारावर सही मिळवतो. चिठ्ठ्यांची गंमत आधीपासून पेरलेली असल्यामुळे हा माणूस ऐनवेळी आणून बसवल्यासारखा वाटत नाही.