सगळ्यांत मागच्याच्या चालीने

प्रिय बाळा,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. आजीने आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) युरोप-यात्रेच्या ग्रुपमध्ये तुझं नाव स्वतःहून घालून टाकलंय, पैसेही तीच भरतेय, आणि तुला मात्र त्याच सुट्टीत स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाची वाट एकट्याने चालायची आहे. ‘फातिमा, लूर्द, रोम बसमधून उरकायचं ही यात्रा कसली, ही तर टूर,’ असं लिहिलंस. आजीला नाही म्हणायचा धीर होत नाही आणि हो म्हणायला मन घेत नाही.

श्रद्धेबद्दल तुला काही सांगत नाही, ती तुला घरातच मिळाली आहे. मला एकच सांगायचंय आणि तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. ग्रुपमध्ये जे माणूस सगळ्यांत मागे असेल, त्याच्या चालीने चाल.

सांतियागोला मी नावं ठेवत नाही. शेवटचे शंभर किलोमीटर पायी गेलं की तिथे प्रमाणपत्र देतात, ते तू सहज मिळवशील. पण त्या वाटेचं तुला काय आवडलं ते तुझ्याच मेसेजमध्ये आहे: ‘माझ्या वेगाने जाता येईल.’ अरे, तुझ्या वेगाने तू रोजच जातोस. वसई स्टेशनच्या पुलावर कुणासाठी थांबतोस? जुन्या काळी सांतियागोच्या वाटेवरही लोक जथ्याने चालत, कारण लुटारूंची भीती असे. आजारी पडणाऱ्यांसाठी मठांनी वाटेत धर्मशाळा आणि रुग्णालयं उघडली होती. एकट्याने केली तीच खरी यात्रा, हे खूळ अलीकडचं आहे.

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढ. बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या सणाला जेरुसलेमला गेला तो नातेवाइकांच्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांच्या जथ्यातूनच. परतताना आईबापांना वाटलं, असेल इथेच कुणाबरोबर. एक दिवसाची मजल झाल्यावर कळलं की मुलगा नाही, आणि दोघं माघारी फिरली. ग्रुपमधलं एक माणूस कमी भरल्यावर जीव कसा खालीवर होतो, ते मरियामातेलाही माहीत होतं. तेव्हा टूर मॅनेजरने दर थांब्यावर डोकी मोजली तर तोंड वाकडं करू नकोस.

आता फ्रान्समधलं लूर्द. ११ फेब्रुवारी १८५८ ला तिथे मरियामातेचं दर्शन कसं झालं ते तू संडे स्कूलमध्ये ऐकलंयस, पण त्यातली एक गोष्ट तुझ्या कानाआड गेली असणार. चौदा वर्षांची बर्नाडेट, तिची धाकटी बहीण आणि एक मैत्रीण अशा तिघी सरपण गोळा करायला मासाबिएलच्या खडकापाशी गेल्या. घर म्हणजे जुन्या तुरुंगातली एक खोली, चुलीला लाकूड नव्हतं. वाटेत थंडगार पाणी आडवं आलं. त्या दोघी पाण्यातून पलीकडे निघून गेल्या. बर्नाडेटला दमा होता. उतरावं की नाही, या विचारात ती अलीकडेच राहिली आणि मोजे काढायला वाकली, तेव्हा तिला वाऱ्यासारखा आवाज आला. पुढे गेलेल्या दोघींना काहीही दिसलं नाही. मागे राहिलेल्या आजारी मुलीला दिसलं. मी तुला तेव्हापासून काय सांगतेय?

आणि त्या गावाने हे पाळलंय. संध्याकाळी पाचला पवित्र साक्रामेंताची (मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीची) मिरवणूक निघते, रात्री नऊला मेणबत्त्यांची. दोन्हीकडे आजाऱ्यांना मानाची जागा. निळ्या टपाच्या तीनचाकी गाड्या, पुढे ओढायला दांडा, आत मांडीवर घोंगडी घेतलेलं माणूस. ओढणारे स्वयंसेवक स्वतःच्या खर्चाने येतात. त्यांची संघटना १८८५ पासून आहे. धडधाकट माणसं त्यांच्यामागून चालतात. मेणबत्तीभोवती कागदाचा आडोसा असतो, त्यावर गाणं छापलेलं. ‘आवे मारिया’चं ध्रुपद आलं की हजारो हात मेणबत्ती वर नेतात, आणि गाड्यांमधले ज्यांचे हात उठत नाहीत त्यांचा हात शेजारचा माणूस उचलतो. हे बघायला एकट्याने जायचं आणि आजीला हॉटेलवर ठेवायचं?

कोण बरं झालं, कोण नाही, याच्या मागे लागू नकोस. बरं झाल्याचे दावे हजारोंनी नोंदले गेले. डॉक्टरांच्या तपासातून जाऊन चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या थोडे वर. बर्नाडेट स्वतः आजारीच राहिली आणि १८७९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, नेव्हेरच्या मठात वारली. तरी लोक येतात. कोविडनंतर तिथे स्वयंसेवक तुमच्या ओंजळीत झऱ्याचं पाणी ओततात, तुम्ही हात धुता, चेहऱ्याला लावता, घोटभर पिता. आजीची ओंजळ थरथरते हे तू पाहिलं आहेस. तिच्या हातांखाली तुझे हात धर.

बसबद्दल तुझं म्हणणं बरंचसं खरं आहे. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तासांच्या ड्रायव्हिंगनंतर पाऊण तास विश्रांती द्यावीच लागते, तसा कायदाच आहे. देवळातली मिस्सेची वेळ आधी ठरलेली असते, उशीर झाला तर पुढचा ग्रुप दारात उभा. म्हणून सगळे धावतात. धावपळीत म्हातारी माणसं काय करतात ठाऊक आहे? पाणी पीत नाहीत. टॉयलेटसाठी बस थांबवायला लागेल, लोक वैतागतील, म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवतात आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. तू खिशात युरोची सुटी नाणी ठेव, कारण बऱ्याच ठिकाणी टॉयलेटला पैसे पडतात, आणि ‘मला जायचंय, कोण येतंय?’ असं तूच मोठ्याने विचार. चार जणी लगेच उठतील.

गाइड कानात घालायला रिसीव्हर देतो. त्यात खरखर सुरू झाली की समजायचं, गाइड फार पुढे गेलाय. पोरं पळत पुढे जातात. तू तिथेच थांब, मागे बघ, आणि हात वर करून गाइडला थांबव. तो चिडेल. चिडू दे.

माझ्यावरही चिडले आहेत. एका वर्षी आमच्या टूर कंपनीच्या माणसाने सांगितलं की ज्यांना चालवत नाही त्यांनी इटलीतल्या असिसीला बसमध्येच बसावं, चढ फार आहे, वेळ जातो. दोघी बायका ‘बसतो आम्ही, तुम्ही जा’ म्हणाल्या. आपल्या बायका असंच म्हणतात. मी बसच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, सगळे जाऊ नाहीतर कुणीच नाही. टॅक्सी मागवली, भांडण झालं, त्या दिवशी एक बॅसिलिका, म्हणजे मोठं मानाचं चर्च, बघायची राहून गेली. ग्रुपमधले काही जण अजून त्याचं उट्टं काढतात. काढोत. दोघींनी संत फ्रान्सिसच्या कबरीपाशी गुडघे टेकता येत नाहीत म्हणून कठड्याला कपाळ लावलं. उद्या पुन्हा तसा प्रसंग आला तर मी पुन्हा दारात उभी राहीन. एक बॅसिलिका कमी पाहिली म्हणून कुणाचं काय अडलं ते मला सांगावं.

माझी आई वांद्र्याच्या मोतमाऊलीपलीकडे फारशी कुठे गेली नाही. लूर्दच्या पाण्याची कुणीतरी आणून दिलेली प्लॅस्टिकची बाटली तिच्या उशाशी असायची. घर बांधून होऊ दे, मग धाकट्याचं लग्न, मग नेऊ, असं आम्ही सगळेच म्हणत राहिलो, आणि तेवढ्यात तिचे गुडघे गेले, मग ती गेली. तुझी आजी अजून स्वतःच्या पायांवर चर्चला येते. सांतियागोची वाट पुढच्या वर्षीही तिथेच असेल. माझा आवाज चढला असेल तर चढू दे.

तुला एकांत हवाय, तोही मिळेल. मिरवणूक संपली, आजी झोपली, की रात्री उशिरा ग्रोटोपाशी, म्हणजे त्या दर्शनाच्या गुहेपाशी, जा. दिवसाची गर्दी पांगलेली असते. खडकाला हात लावून लावून तो आरशासारखा गुळगुळीत झालाय. तिथे पाहिजे तेवढा वेळ बस, तेव्हा मी तुला आजीची आठवण करून देणार नाही.

बाकी कामाचं. आजीच्या पासपोर्टची मुदत बघ, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने शिल्लक लागते. विमानतळावरच्या व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवायला सांग. ती ‘मला कशाला?’ म्हणेल, तरी नोंदव. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. खोली आजीसोबतच घे, आणि बसमध्ये तिच्या शेजारी. फॉर्म रविवारी पहिल्या मिस्सेनंतर फादरांच्या ऑफिसात द्यायचा आहे. दोघांचे फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचेच काढ, गेल्या खेपेला त्यावरून बऱ्याच जणांना परत पाठवलं होतं.

तुझी,
मावशी