फ्लॅटमध्ये राहून मुलांना निसर्गाची काळजी घ्यायला हसतखेळत कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं सहा आणि नऊ वर्षांची, घर चौथ्या मजल्यावर आणि आजूबाजूला सगळं सिमेंट. आमचंही तसंच, पुण्यात. त्यामुळे आमच्याकडे काय जमलं तेवढंच सांगते.

आधी फसलेलं. ५ जूनला झाड लावून फोटो काढला. झाड जुलैत गेलं, फोटो अजून आहे. मग 'पाणी वाचवा'चा तक्ता. मुलांनी फार सुंदर रंगवला, पण ब्रश धुताना नळ सुरूच होता.

जमलं ते कढीपत्त्यामुळे. कुंडीतलं साधं रोप, फोडणीसाठी आणलेलं. पावसाळ्यात एके सकाळी लेक ओरडत आली, "आई, पानावर चिमणीने घाण केलीय आणि ती घाण चालतेय!" ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते.

सासूबाई झाडूच घेऊन आल्या. "अगं, रोप फस्त करतील, मग मी फोडणीला काय घालू?" शेवटी तह झाला: रिबन बांधलेली फांदी अळ्यांची, बाकीचं रोप आजीचं. अळ्यांना हा तह कळला नाही. आठवडाभर आम्ही कढीपत्ता विकतच आणला, आणि चौथ्या दिवसापासून चहाचा कप घेऊन अळ्या मोजायला आजीच आधी हजर.

मुलाने एकीला काडीने हळूच डिवचलं. तिने डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढलं आणि असा उग्र वास सुटला की तो दोन पावलं मागे. त्या दिवशी आख्खी बिल्डिंग आमच्या बाल्कनीत येऊन गेली. नियम त्यानेच केला: बघायचं सगळ्यांनी, डिवचायचं कोणी नाही.

एक चूक आमचीही झाली. दोन अळ्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलं. आत दमटपणा साचला आणि दोन्ही मेल्या. लेक खूप रडली. मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच बरणी घासून आजीला परत दिली.

उरलेल्यांपैकी एकीने रोप सोडून कोष केला तो कपड्यांच्या चिमट्यावर. तो चिमटा आम्ही दहा-अकरा दिवस दोरीवरून हलवला नाही. कोष काळपट झाला, आतून पंखांची नक्षी दिसायला लागली, आणि नेमकं शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवत असताना फुलपाखरू बाहेर आलं. पंख ओल्या, चुरगळलेल्या रुमालासारखे. ते सरळ होईपर्यंत व्हॅन गेली. त्या दिवशी मी त्यांना रिक्षाने सोडलं, आणि रागावले नाही.

कॉमन मॉर्मनचं मोठं भावंड म्हणजे ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू (२०१५ पासून). तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं म्हणून मुलांनी लिंबाचं रोप मागून घेतलंय. अजून ते फुलपाखरू आलेलं नाही. रोज चौकशी होते.

दुसरा उद्योग आंब्याच्या बाठींचा. खाऊन झाल्यावर धुऊन लगेच मातीत लावायच्या, आंब्याचं बी फार दिवस टिकत नाही. कोंब आला की एखादी बाठ दगडावर घासून पुंगी करून द्या. हे काम आजोबांचं, यूट्यूबचं नाही. "हापूस लावला तर हापूसच येईल का?" हा प्रश्न येणारच. बाठीपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल याचा भरवसा नसतो म्हणून हापूसची कलमं करतात, एवढं सांगितलं की पुढचा अर्धा तास तुमचा नाही. रोपं गावाला नेऊन लावा. बाल्कनीत आंबा ठेवायचा हट्ट नको.

नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो, पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. तेव्हा रोज पंधरा मिनिटं खिडकीत बसून दिसेल तो पक्षी वहीत लिहायचा. कबुतरांच्या पुढे यादी जात नाही म्हणून चिडचिड होते, तरीही बसवा. आमच्या यादीत सातव्या दिवशी तांबट आला.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर जूनच्या पहिल्या पावसात कढीपत्ता आणा. नर्सरीतल्या रोपावर बहुधा औषध मारलेलं असतं, त्यामुळे पानं धुऊन घ्या आणि नवी पालवी फुटेपर्यंत वाट बघा. अंडं कोवळ्या पानावर असतं, फिकट पिवळं, खसखशीपेक्षा जरा मोठं. ते तुमच्याआधी सहा वर्षांच्या मुलालाच दिसेल. आणि हो, घरात आजी असतील तर फांद्यांची वाटणी आधीच करून घ्या.