रात्रीची लाईन आणि आपली झोप

अरे पोरा,

तुझा मेसेज वाचला, "काका आता मी एकदम नॉर्मल आहे, गोळ्या बंद करू का". हसू आलं, कारण मी पण डॉक्टरला हेच विचारलं होतं, तेही दोनदा गुपचूप बंद करून आपटल्यावर. आपला दोघांचा आजार एकच, बायपोलर, म्हणजे कधी डोकं सुसाट पळतं तर कधी माणूस खाटेवरून उठत नाही. नॉर्मल आहेस ते गोळी चालू आहे म्हणून आहेस बाबा.

लोक तुला सांगतील टेन्शन घेऊ नको. मी म्हणतो झोप मोज. त्या वर्षी हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि लाईन, म्हणजे मोटारीची वीज, रात्रीची, तर मी सलग तीन रात्री वावरात. चौथ्या रात्री लाईन नव्हती तरी झोप येईना, थकवा पण नाही, डोकं नुसतं पळत होतं. रात्री 2 ला ठिबकवाल्याला फोन लावला की 10 एकर संत्र्याला ठिबक टाकायचंय. माझी जमीन 4 एकर, आणि संत्र्याचं एक झाड नाही! कापसाचे पैसे सकाळी ॲडव्हान्स देऊन पण आलो. बायको म्हणे, "तुमी काहून इतले बोलून राह्यले, झोपा ना जरा", तर तिच्यावरच खेकसलो. आईला वाटलं बाहेरचं लागलं, लिंबू झाले, कोंबडा झाला, आणि मग दोन महिने खाटेवर, अंघोळीला उठायची पण इच्छा नाही.

आता रात्रीच्या लाईनला मी जातच नाही, भावाचा पोट्टा जातो, बदल्यात त्याचं दिवसाचं डवरणं मी करतो. गावात आळशी म्हणतात, म्हणू दे. दोन रात्री झोप कमी झाली आणि तरी मी फ्रेश दिसलो की बायको सरळ डॉक्टरला फोन लावते, मला विचारत नाही, हे मी बरा असतानाच ठरवलेलं आहे. एटीएम पण तिच्याकडेच. सुरुवातीला लाज वाटायची, खरं सांगतो.

तुला लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवायची गोळी, चालू आहे तर आपल्याकडचा मे महिना लक्षात ठेव. 45 डिग्रीत घाम गेला, पाणी कमी पडलं, जुलाब लागले की रक्तातलं लिथियम वाढतं. एका लग्नाच्या धावपळीत माझे हात इतके थरथरले की कप बशीत वाजत होता, वर उलट्या, तेव्हा लगेच दवाखाना गाठला म्हणून निभावलं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नको, त्यानेही लेव्हल वाढते. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं, म्हणजे रात्री 9 ला घेतली तर सकाळी 9 ला, आणि सकाळची गोळी असेल तर रक्त दिल्यावर. थायरॉईड आणि किडनीची तपासणी पण डॉक्टर सांगतील तेव्हा करायची, लॅबवाला दूर आहे म्हणून टाळायची नाही.

आणि उलट्या बाजूला गेलास, जगावंसंच वाटेना, तर एकटा वावरात जाऊ नको, फवारणीची औषधं घरात ठेवू नको. कोणालाही उठव, मला उठव, नाहीतर 14416 लाव, टेली मानस म्हणून सरकारची मनाच्या आजाराची हेल्पलाईन आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात.

लग्नाचं विचारलंस, ते भेटल्यावर बोलू, पण मुलीकडच्यांपासून लपवायचं नाही एवढं आत्ताच सांगतो. बुधवारी बाजाराला येशील तेव्हा मागचे रिपोर्ट घेऊन ये. आणि या आठवड्यात तुमच्याकडे लाईन रात्रीची आहे ना, मग पाण्याला कोण जाणार ते आज संध्याकाळीच भावाशी बोलून घे.

तुझा काका